खंडेनवमीचा पट्टा

“त्या पट्ट्याला हात लावायचा न्हाय मष्णू! आत्ताच सांगून ठेवतो!”

आण्णाप्पाचा आवाज अख्ख्या शेडभर घुमला. पण माझा हात आधीच लागला होता. देवीच्या फोटोपुढं घोंगडं अंथरून त्यावर गँगची सगळी हत्यारं मांडली होती. त्यातला एक पिवळा पट्टा मी उचलला, त्याच्यावरचं झेंडूचं फूल बाजूला ठेवलं, हळद-कुंकू पँटला पुसलं आणि दुसरा पट्टा उचलला. उदबत्ती अजून जळत होती. चुरमुऱ्यांच्या प्रसादासाठी ओंजळ पुढं करून उभी असलेली माणसं ओंजळ तशीच धरून माझ्याकडं बघत राहिली.

“खंडेनवमीच्या दिशी मांडलेलं हत्यार उचलतोस? आई बघून घेईल तुला!” आण्णाप्पा म्हणाला. तो आमच्या गँगचा मुकादम, आणि पूजाही दरवर्षी त्याच्याच हातची.

“आईला मला बघू दे. मी वरच्या माणसाला बघतो,” मी म्हटलं आणि शिडीकडं निघालो.

वरचा माणूस म्हणजे भरमू. माझ्या एकुलत्या एका पोरीचा, नीलमचा नवरा.

आता तुम्ही म्हणाल, हे म्हातारं देवाधर्माचं नसेल. तसं मुळीच नाही. आदल्या दिवशी पट्टे धुऊन, वाळवून पूजेला मीच दिले होते. एकदा कोहळा फोडून झाला की पूजा सुटणार, दुसऱ्या दिवशी दसरा, मग कामाला लागायचं, एवढंच मला ठाऊक होतं. पण कोहळा फुटायच्या आत निपाणीहून इकडं निघालेल्या कंत्राटदार वीरेंद्रचा वाटेतूनच फोन आला. पिरनवाडीच्या पुढं एका फाउंड्रीच्या शेडवर आमचं काम चाललं होतं. जुने पत्रे काढून नवे घालायचे. मालक दसऱ्याला नव्या भट्टीपुढं नारळ फोडणार होता आणि भट्टीच्या बरोब्बर वर आठ पत्रे राहिले होते. वीरेंद्र म्हणाला, आजच्या आज उरका.

आमच्या गँगची रीत अशी, की खंडेनवमीला चांगलं, नवं असेल ते पूजेला मांडायचं आणि कामाची नड असली तर जुन्यापुराण्यावर भागवायचं. म्हणजे देवीही खूश आणि कंत्राटदारही खूश. पान्याचं, ड्रिल मशीनचं ते चालून जातं. पण जुने पट्टे नव्हतेच. होते त्यांची शिलाई उसवली म्हणून मी ते श्रावणातच परत पाठवले होते. मांडलेले दोन तेवढेच आमचे पट्टे. आण्णाप्पानं हे ध्यानात घेतलं नाही आणि भरमू बेल्ट घालून खुशाल वर चढला.

पट्टा म्हणजे काय, हे सांगतो. उंचीवरच्या माणसाच्या अंगात बेल्ट असतो, बेल्टला दोन फाट्यांची दोरी आणि दर फाट्याला एक हुक. सगळं जग त्या हुकाकडं बघतं. हुक लावला ना? मग झालं! अरे पण कशाला लावला ते कोण बघणार? छपराच्या आत लोखंडाच्या कैच्या असतात, सगळं छप्पर पेलणाऱ्या. त्या कैचीभोवती हुकाचं तोंड पुरत नाही. म्हणून तिला पट्ट्याचा वेढा मारायचा आणि पट्ट्याच्या कडीत हुक अडकवायचा. जी कैची अख्खं छप्पर धरते ती माणसालाही धरते. पट्टा नसला की माणसं हुक लावतात मिळेल तिथं, पन्हळीला, पायपाला, शिडीच्या दांडीला. हुक लावलेला दिसतो आणि मन गार होतं.

एकवीस वर्षांपूर्वी गोव्यात एका कारखान्यावर माझ्याबरोबर आमच्या गावचा यल्लाप्पा होता. त्यानं हुक लावला होता वायरी ठेवायच्या पत्र्याच्या पन्हळीला. घसरला तसा पन्हळीसकट खाली आला. मी पहिला पोचलो. हुक उघडला नव्हता, घट्ट मिटलेला होता. ज्याला धरलं होतं तेच निघून आलं होतं. त्याच्या आईला मी काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण त्या दिवसापासून माझं तोंड सुटलं ते सुटलंच. माणूस वर चढायच्या आधी त्याचा बेल्ट, हुक तपासून कागदावर सही करायचं कामही गँगमध्ये माझ्याकडंच आलं. गँगमधली माणसं मला पाठीमागं ‘हुकमास्तर’ म्हणतात, आणि पुढ्यात काहीच म्हणत नाहीत. मी आलो की गप्पा बंद पडतात. पडू देत.

वर पोचलो तर भरमू मध्यावरच्या आढ्यापाशी, दोन्ही उतारांच्या माथ्यावर, पाय पसरून बसला होता. वाऱ्यावर फिरणारे पत्र्याचे गोल पंखे छपरावर असतात ना, त्यातल्या एकाच्या बुडाला त्यानं हुक लावला होता. बाकी दोघंजण त्याच्याजवळ पत्रा धरून होते.

घरी मी त्याला जावईबापू म्हणतो. पाट मांडून बसवतो, पहिलं ताट त्याचं. पण छपरावर मला जावई दिसत नाही.

“हुक कशाला लावलास रं?”

“पंख्याला. दिसत न्हाय?” तो म्हणाला.

“पंखा कशावर हाय?”

“मामा, सकाळ सकाळ परीक्षा घेऊ नगासा. ते पट्टे तुमच्या देवीपुढं हाईत. मग काय आभाळाला लावू?”

मी पुढं झालो. आधी पत्रा काढलेल्या फटीतून खाली वाकून कैचीला पट्टा घातला, कडी ओढून बघितली, त्याच्या दोरीचा दुसरा हुक त्या कडीत लावला. मगच पंख्यावरचा हुक काढला. दुसरा पट्टा पत्रा धरलेल्या दोघांकडं सरकवला. आणि मग, माझी जीभ झडो, मी त्या पंख्याला एका हातानं धरून हिसडा दिला. बुडाचे चारातले दोन स्क्रू तिथंच उपटून आले. पंखा कलला आणि कर्रकर्र करत फिरायला लागला.

“ह्याला लावलतास! गाढवा, ह्याच्यावर कावळा बसला तर कावळा पडंल! माझ्या पोरीला कुंकू पुसायला लावणार हाईस व्हय रं? अक्कल कुठं गहाण टाकलीस?”

पत्रा धरलेली दोघं हसली. खाली कुणीतरी हसलं. भरमूचा चेहरा काळाठिक्कर पडला.

“मामा,” तो हळू म्हणाला, “चारचौघांत गाढव म्हणायचं काम न्हाय.”

“म्हणणार! गाढवाला गाढवच म्हणणार!”

तेवढ्यात खालून हाक आली. वीरेंद्र आला होता. तरणा पोरगा, नव्या गाडीला झेंडूचा हार घालून निपाणीहून थेट आला होता. मुळात तो वाईट माणूस नाही. पण आण्णाप्पानं फाटकातच त्याचे कान भरले होते, आणि त्यात मालक त्याच्या डोक्यावर बसला होता.

“मष्णू आप्पा, खाली या! पूजा मोडलासा म्हणं?”

“पूजा न्हाय मोडली. पट्टा घेतला,” मी वरून ओरडलो.

“तेच की! मालकाच्या घरची बायका-माणसं याय लागल्यात. त्यांच्या कानावर गेलं तर? तुम्ही पयला खाली या!”

“पट्ट्याशिवाय माणूस वर गेला तर कागदावर माझी सही मिळणार न्हाय, शेठ!”

“नकोच तुमची सही! आजपासनं नको! आण्णाप्पा सही करंल. उतरा खाली!”

सात माणसांच्या देखत. सतरा वर्षं त्याच्या बापाकडं आणि मग त्याच्याकडं काम केलं होतं मी. माझं डोकं भणभणलं. मी शिडीकडं वळलो. वळताना भरमूला म्हटलं, “हुक काढू नगंस.” तो माझ्याकडं बघतही नव्हता. पाठ फिरवून, दोरी मागं ओढत, पलीकडच्या उतारावर तरातरा निघाला होता. रागात पावलं कुठं पडतात ते माणूस बघत नाही.

मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर असताना वर मोठा कडाका झाला.

जुन्या छपरात उजेडासाठी मधूनमधून प्लास्टिकचे पत्रे असतात. पंधरा वर्षांच्या काजळीनं ते लोखंडी पत्र्यासारखेच काळे झालेले. भरमूचा पाय त्यावर पडला. पत्रा फुटला आणि तो आत आला. खाली तीस फुटांवर साच्यांच्या लोखंडी पेट्या रचून ठेवल्या होत्या. मी वर बघितलं तर माझा जावई हवेत होता. आला, आला, पुरुषभर खाली आला आणि थांबला. दोरी ताठ झाली, तो एकदा गर्रकन फिरला. काजळी आणि प्लास्टिकचे तुकडे आमच्या डोक्यावर पडत राहिले.

पट्ट्यानं धरलं होतं.

मला वाटलं सगळे धावतील. कुणी हललं नाही. आण्णाप्पा तर पळत गेला तो देवीच्या फोटोपुढं. गुडघे टेकून गाल बडवायला लागला, “आई चुकलं, आई चुकलं!”

“गाल नंतर बडव! परांची आण!” मी किंचाळलो. “बेल्टात लोंबकळलेल्या माणसाच्या मांड्यांत रक्त अडतं. लई वेळ न्हाय आपल्याकडं. ढकला रं, मुडद्यांनो!”

चाकाची परांची शेडच्या दुसऱ्या टोकाला होती. वीरेंद्रनंच पहिला खांदा लावला, हे सांगायला हवं. आम्ही ती पेट्यांमधून ढकलत आणली, मी वर चढलो, भरमूचे पाय खांद्यावर घेतले आणि दोरी ढिली केली. त्याचं सगळं अंग माझ्यावर आलं. डोळे उघडे होते, पण तोंडातून आवाज येत नव्हता.

“भरमू, बोल काय तर. शिवी दे मला.”

त्यानं ओठ हलवले, आवाज नाहीच.

दवाखान्यात डॉक्टरनं फोटो काढले. हाड मोडलं नव्हतं. खांदा निखळला होता, छातीला बेल्टाचा जबर हिसका बसला होता. मांड्यांवर आणि खांद्यांवर चार-चार बोटं रुंदीचे निळे-काळे वळ उठले होते. श्वास पुरा घेता येत नव्हता, स्वतःचं नाव सांगायलाही त्याला दोनदा थांबावं लागलं. चार दिवस नजरेखाली ठेवा म्हणाले.

भरमूची आई, अक्काताई, कॉरिडॉरमध्येच मला भेटली. पदर खोचूनच आली होती.

“आलास व्हय तोंड घेऊन? देवीपुढचं हत्यार पायाखाली घेतलंस आणि भोगाय माझं पोरगं? सगळी गँग सांगालीय, मष्णूनं पट्टा उचलला आणि घटकेत भरमू पडला!”

“आक्का, त्या पट्ट्यानंच धरलं त्याला.”

“पट्टा उचलला नसतास तर पडलाच नसता!”

नीलम बाकावर बसली होती. माझी पोरगी बी. कॉम. आहे, शाळेच्या ऑफिसात बसते, मुलांचे दाखले लिहिते. मला वाटलं, ही तरी सासूला समजावेल. मी तिच्याजवळ बसलो.

“आप्पा,” ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “पूजेचं मी म्हणत न्हाय. पण अकरा वर्षं ते छपरावर चढतात. कधी पाय घसरला न्हाय. आजच का पडले?”

ह्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. भरमू डोळस माणूस. काजळीखालचा प्लास्टिकचा पत्रा त्याला नुसत्या आवाजावरून कळायचा, पुढं पाय टाकायच्या आधी तो टाचेनं ठोकून बघायचा. त्या दिवशी त्यानं ठोकलं नाही, कारण सासऱ्यानं त्याला सगळ्यांसमोर गाढव म्हटलं होतं आणि दोन माणसं हसली होती. पट्टा घालून गप उतरलो असतो तरी चाललं असतं. पंख्याला हिसडा द्यायची काय गरज होती? शहाणपण दाखवायची खुमखुमी, दुसरं काय. देवीनं नव्हे, माझ्या तोंडानं ढकललं होतं त्याला.

हे मी पोरीला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. धीर झाला नाही.

दसऱ्याला माझ्या हातात कुणी सोनं ठेवलं नाही. मी गल्लीत आपट्याची पानं घेऊन दोन घरं फिरलो आणि घरी आलो.

दसरा होऊन चार दिवसांनी माझा डबा आणि कपडे आणायला शेडवर गेलो. आठही पत्रे बसले होते, भट्टी पेटली होती. आमच्या खोलीत शिरलो आणि बघतो तर काय, खिळ्याला तो पट्टा टांगलेला! ज्यानं भरमूला धरलं, तोच. धुतलेला, कडीला ताजं कुंकू, वर एक झेंडू.

“ह्यो इथं कसा?” मी आण्णाप्पाला विचारलं.

त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “आई आलती रं त्या पट्ट्यात. तू एवढं पाप केलंस तरी तिनं पोराला धरलं. पोरं आता म्हणत्यात, अवघड जागी चढायचं तर ह्योच पट्टा पायजे. आज तिकडं चिमणीच्या कामाला न्यायचा हाय.”

घ्या! पडला तो माझ्यामुळं आणि वाचला तो देवीमुळं. बरं, तेही घेतलं मी पदरात. पण पट्ट्याला एकदा माणसाचा हिसका बसला की त्याचं आयुष्य संपलं. वरून नवाकोरा दिसतो, आतली शिलाई तुटलेली असते. दुसऱ्यांदा तो धरत नाही. हे मी गेली कितीतरी वर्षं दर महिन्याला ह्याच माणसांना बसवून सांगितलं होतं. माना डोलावल्या होत्या सगळ्यांनी.

“आण्णाप्पा, हे बघ, कडीजवळची शिलाई बघ. धागे कसे उभे राहिल्यात.”

“हात लावू नगंस म्हणतोय न्हवं? एकदा लावलास, बघितलंस की काय झालं!”

“म्हणजे तू ह्याच्यावर माणूस चढवणार?”

“आईवर विश्वास हाय आमचा. तू आता गँगचा न्हाईस. डबा घे आणि चालायला लाग.”

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. ह्या वेळी मी ओरडलोही नाही. पट्टा खिळ्यावरून काढला, बाकाच्या शिकंज्यात धरला आणि करवतीचं पातं चालवलं. आण्णाप्पानं मागून माझी गचांडी धरली, सदरा फाटला, दुसरा कुणीतरी पाठीत बुक्क्या घालत होता. मी दोन तुकडे केले. मग त्यातल्या लांब तुकड्याचे आणखी दोन केले, कारण गाठ मारून वापरतील, माहीत आहेत मला हे लोक. मग हात सोडले आणि त्यांना काय मारायचं ते मारू दिलं.

वीरेंद्रनं येऊन सोडवलं. तुकड्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“आप्पा, तुम्हाला आता बेळगावात कोण काम देणार न्हाय,” तो म्हणाला. रागानं नव्हता म्हणत.

“चिमणीवर जायच्या आधी नवीन पट्टे आण, शेठ. कागदावर सही आण्णाप्पाची असंल, पर पडलेला माणूस तुझा असंल.”

तो पाठ फिरवून चालू लागला. पण फाटकातून बाहेर पडताना मी ऐकलं, तो फोनवर कुणाला तरी पट्टे आजच पाठवा म्हणत होता.

तिथून चालतच पिरनवाडीत नीलमच्या सासरी गेलो. भरमूला आदल्या दिवशी घरी सोडलं होतं. फाटक्या सदऱ्यावरून टॉवेल घेतला, कोपऱ्यावरच्या गाड्यावरून डझनभर केळी घेतली. दुपार टळली होती. दार नीलमनं उघडलं, पण अर्धंच, आणि स्वतः त्या अर्ध्यात उभी राहिली.

“आप्पा, आत येऊ नगासा.”

“बरा हाय का?”

“शेडवरनं फोन आलता. तुम्ही परत काय करून आलासा ते कळलंय घरात. सासूबाई अंघोळ करून देवापुढं बसल्यात.” तिचे डोळे भरले होते, पण दार तसंच धरलेलं होतं. “मी काय काय सोसू आप्पा? गल्लीत तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईसा. आता काय दिवस येऊ नगासा. मी बोलवीन तवा या.”

मी केळी पुढं केली. तिनं घेतली नाहीत. मी ती उंबऱ्याशी ठेवली.

“नीलम, तो पडला ते माझ्यामुळंच पडला,” मी म्हटलं. “पूजेमुळं न्हाय. मी चारचौघांत त्याला वाट्टेल ते बोललो, म्हणून. एवढं सांग त्याला.”

तिनं हातानं डोळे पुसले. तिला काही बोलायचं होतं बहुतेक.

तेवढ्यात आतून आवाज आला. “कोण आलंय गं? त्यो म्हातारा व्हय?”

नीलम दचकली.

“हाकल त्याला! हाकल म्हणतो न्हवं! पूजा मोडली, पट्टा कापला, आता काय माझं मढं उचलाय आलाय? मला गाढव म्हणतोय! गाढव तू, तुझा बाप गाढव! सगळ्या गँगपुढं माझी इज्जत काढली! परत दारात दिसला तर तंगडं मोडून हातात देईन म्हणावं!”

गल्लीतली दोन दारं उघडली. माणसं बाहेर येऊन बघायला लागली. भरमू थांबत नव्हता. माझ्या गावाचा उद्धार झाला, माझ्या खानदानाचा झाला, मग गोव्यात शिकून आलेल्या माझ्या अकलेचा झाला. खणखणीत आवाज होता, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. दवाखान्यात ह्याच माणसाला श्वास पुरत नव्हता.

“जावा आता आप्पा,” नीलम रडत म्हणाली. “कशाला ऐकत उभं राहिलासा? जावा की.”

“थांब गं,” मी म्हटलं. “सगळं बोलू दे त्याला.”

आणि मी पायरीवर बसलो. आत भरमूनं एकदा खोल, पोटभर श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.